शोभेचा दांडा

बेळगावजवळ मच्छे गावात, माझ्या गॅरेजात भिंतीला एक लोखंडी दांडा टांगलेला आहे. हातभर लांब, वर काळी गोळी. नवं गिऱ्हाईक विचारतं, हा कशाचा हो? पुतण्या माझ्याकडं बघून विषय बदलतो, कारण मी सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि गिऱ्हाईक उठून जातं. गॅरेज आता तोच बघतो. मी खुर्ची टाकून बसतो आणि त्याच्या चुका काढतो. दिवाळी अंकासाठी 'धंद्यातल्या गमतीजमती' लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी त्या दांड्याकडं बघितलं. गंमत काही दिसली नाही. राग मात्र होता तसाच होता.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायचं काम गिअरबॉक्सचं. साध्या जीपमध्ये ती ताकद एका लांब शाफ्टानं मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं नुसती वळण्यापुरती. फोर-व्हीलमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक बॉक्स जोडलेला असतो आणि त्यातून दुसरा शाफ्ट पुढं जातो. केबिनमध्ये मोठ्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात. रुतलेल्या बैलगाडीला मागून ढकलणारा असतो आणि पुढून ओढणाराही लागतो, तसंच हे. बेळगाव शहरात या छोट्या दांड्याला कुणी हात लावत नाही. खानापूरच्या जंगलात पावसाळ्यात त्याच्यावाचून पान हलत नाही.

तिकडच्याच एका गावात पुंडलिक राहतो. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून तिथंच नांदताहेत. त्याच्याकडं जुनी फोर-व्हील जीप होती. मागचा भाग कापून लोखंडी हौदा बसवलेला, म्हणजे पिकअप केलेली. दूध, खत, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तीच वाहायची. डांबरी रस्ता ओढ्याच्या पुलापाशी संपतो. तिथं दूध डेअरीचं शेड आहे. पुढं गावापर्यंत तांबड्या मातीचा चढ. पाऊस लागला की त्या चढाला दुसरी गाडी लागत नसे.

आणि याच गाडीवर आक्काचा जीव होता. आक्का म्हणजे पुंडलिकची थोरली बहीण. आई लवकर गेली, हिनंच त्याला वाढवलं, नवरा गेल्यावर त्याच्याकडंच राहिली. तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून दोनदा बेळगावला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, पाऊस असो नाहीतर आभाळ कोसळो. एक पाळी चुकली की अंगात पाणी भरायचं, दोन चुकल्या की दम लागायचा. तिसरी चुकवून बघायची सोय नव्हती.

अशात गाडीचा दुसरा गिअर सुटायला लागला. चढावर दुसरा गिअर सुटला म्हणजे गाडी मागं घरंगळते. पुंडलिक माझ्याकडं आला. मी बॉक्सचा आवाज ऐकला आणि सांगितलं, "उतरवून, खोलून, भरायला लागतोय. जुन्या फोर-व्हीलचं सामान पटकन मिळत न्हाय. आठवडाभर गाडी सोड."

"आक्काचं काय करू मग?" तो म्हणाला.

"भाड्याची गाडी कर. पुलापर्यंत येईल."

"आनि पुलापासनं वर?"

तो गेला, आणि मला न विचारता निपाणीच्या अलीकडं हायवेला एक एक्स्चेंजवाला आहे त्याच्याकडं पोचला. नाव नको, शेठ म्हणू. एक्स्चेंजचा धंदा असा, की तुमचा बिघडलेला बॉक्स ठेवायचा, वर रक्कम द्यायची, त्याच्याकडचा तयार बॉक्स बसवून घ्यायचा. सकाळी गाडी लावा, संध्याकाळी घेऊन जा. अडलेल्या माणसाला याहून गोड काय लागणार? पण तुमच्या गाडीच्या पोटातून काय गेलं आणि पोटात काय आलं, हे फक्त त्याला माहीत. गाडी घेऊन गेल्यावर पुंडलिकचा फोन आला, "मिस्त्री, झालं काम. दुसरा गिअर लोण्यासारखा पडतोय." मी रागानं फोन ठेवला. माझं काम दुसऱ्यानं केलं हा राग होता, खोटं का बोला.

नंतर खंडेनवमीला त्यानं मला गावी बोलावलं. आमच्याकडं त्या दिवशी गाड्या धुऊन केळीचे खुंट बांधतात, पाने-हातोडे देवासमोर मांडून हळदकुंकू वाहतात. एकदा हत्यारं पूजेत बसली की दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटेपर्यंत कुणी उचलायची नाहीत. माझे वडील लोहार. ते म्हणायचे, वरीसभर लोखंडाला ठोकतो, एवढा तरी विसावा द्या त्याला. मी आयुष्यात कधी त्या काळात पान्याला हात लावला नव्हता. मोठमोठ्यांच्या गाड्या दारात बंद पडल्या, तरी नाही.

सकाळी पाऊस गेला होता, पण चढ निसरडा होता. मी पुलापासून चालत वर गेलो. अंगणात गाडी नटून उभी. ओसरीवर खुर्चीत आक्का, पाय सुजलेले, तरी हसतमुख. पुंडलिकनं टॉवेल-टोपी देऊन माझा मान केला आणि म्हणाला, "बसा की आत. दोन्ही दांड्यास्नी हार घातलाय बघा."

मी बसलो. छोट्या दांड्याला झेंडूचा हार, गोळीवर कुंकू. सवयीनं तो ओढला. खट्ट. पुन्हा ढकलला. खट्ट. फोर-व्हीलचा दांडा असा हलत नाही. त्याच्या खाली दातेरी चाकं असतात, त्यांचं ओझं हाताला लागतं. हा दांडा हलका होता, फार हलका.

टॉवेल-टोपीसकट मी गाडीखाली शिरलो. जिथं दुसरा बॉक्स असायला हवा, तिथून मला पलीकडं दाणे टिपणाऱ्या कोंबड्या दिसल्या. पुढचा शाफ्टच नव्हता. मागचा बदलून लांब घातला होता. शेठनं साध्या जीपचा गिअरबॉक्स बसवला होता. आणि छोटा दांडा? त्याला फरशीखालून एक पत्रा ठोकला होता. पत्र्यात स्प्रिंग, स्प्रिंगवर लोखंडी छर्रा. हाताला खट्ट लागावं म्हणून. दुसरा बॉक्स विसरून राहिला असता तर मी समजलो असतो. पण माणसानं डोकं लावून, वेळ खर्चून, खोटा आवाज तयार केला होता.

मी वर आलो आणि दांडा हाराइतक्याच सहज उपटला. दोन बोल्टांसकट हातात आला. अंगणात जमलेली माणसं जवळ आली.

"पुंडलिक, गाडीखाली कधी वाकलावतास काय रं?"

"न्हाय... वरनं धुतो की रोज."

"रोज सकाळी बॉनेटला हात लावून पाया पडतोस. एकदा गुडघं टेकून खाली बघायला काय झालतं तुला?"

तो घाम पुसत सांगू लागला. मागच्या आठवड्यात बेळगावहून येताना गाडी अर्ध्या चढावर फिरायला लागली. दांडा ओढला तरी चढेना. त्याला वाटलं टायर झिजलेत. हौद्यात दगड भरले, चाकाखाली फांद्या टाकल्या. शेवटी आक्काला घोंगड्यात घालून चौघांनी खांद्यावरून वर आणलं. तेव्हापासून ती म्हणते, आता मशीनवर यायची नाही. या आठवड्यातली एक पाळी तिनं चुकवली होती. दुसरी उद्या होती, दसऱ्याला.

"मेल्यावर न्या की चौघं," आक्का खुर्चीतून म्हणाली. "जित्तेपनी एकदा नेलासा, बास झालं. गाडी चढली तर येतो, न्हायतर हितंच बरी हाय मी." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, येतो-जातो. मग तिनं माझ्या हातातल्या दांड्याकडं बघितलं. "म्हंजे गाडीत दम न्हवता तर. मला वाटालतं, आंगात पानी भरून माझंच वजन वाढलंय, म्हनून वढत न्हाय."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आजारी बाईनं स्वतःला गाडीवरचं ओझं समजावं, आणि का, तर कुणीतरी एक स्प्रिंग बसवली म्हणून. मी पुंडलिकला म्हटलं, काढ गाडी. उतार उतरायला आणि डांबरावर पळायला साधा बॉक्स चालतो. दुपार कलायच्या आत आम्ही बेळगाव, संकेश्वर मागं टाकून शेठच्या दारात होतो.

तिथं जत्रा होती. खंडेनवमीला जुनी गिऱ्हाईकं प्रसादाला येतात. ट्रकवाले, जीपवाले, ऊस वाहणारे, सगळे चुरमुरे खात उभे. आत गिअरबॉक्स ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, प्रत्येकाला झेंडू. आणि त्या ओळीत मानाच्या जागी आमचा बॉक्स! दुसऱ्या बॉक्ससकट, दोन्ही शाफ्ट शेजारी उभे केलेले, चकचकीत रंग दिलेला. मी तो लगेच ओळखला. बोल्ट घालायच्या त्याच्या तडकलेल्या कानाला फार पूर्वी मीच तांब्याचा झाळ देऊन सांधा केला होता.

शेठ चुरमुऱ्याची पुडी पुढं करत म्हणाला, "या मिस्त्री. बऱ्याच दिवसांनी."

मी दांडा त्याच्यासमोर धरला. "हे काय?"

तो वरमला नाही, हसला. "आवो, फोर-व्हील आता वापरतंय कोन? गिऱ्हाईक दांडा बघतंय. दांडा हाय न्हवं? डिझेलबी वाचतंय."

"मग ह्यो बॉक्स कुनासाठी रंगवून ठेवलाईस?"

"हौशी पोरं येत्यात शहरातली. जुन्या फोर-व्हील शोधत असत्यात. सुट्टीला चिखलात गाड्या घालत्यात, व्हिडिओ काढत्यात. पायजे ती किंमत देत्यात."

म्हणजे चिखलात खेळणाऱ्याला खरा बॉक्स, आणि चिखलात जगणाऱ्याला स्प्रिंग. मी म्हटलं, बॉक्स परत दे, तुझा काढून देतो. तर शेठ दोन्ही हात जोडून म्हणाला, "आज? पूजेतलं उचलायचं न्हाय मिस्त्री. तुमी लोहाराचं, तुमाला मी सांगायला पायजे काय? परवा या."

खरं सांगतो, तो दांडा त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. पण मी बाहेर आलो, चुरमुरे खाणाऱ्या गर्दीत उभा राहिलो आणि माझा हा जो कुप्रसिद्ध आवाज आहे, तो लावला. "ह्या दारातनं ज्यांनी ज्यांनी बॉक्स घातलाय, त्यांनी जरा आपापल्या गाडीखाली जाऊन बघा. ह्यो दांडा बघा, खाली काय न्हाय. तुमच्यात काय हाय ते तुमीच बघा."

आधी सगळे हसले. मग एक जीपवाला हळूच पुडी बॉनेटवर ठेवून खाली वाकला. त्याचं बघून दुसरा वाकला. थोड्या वेळात शेठच्या दारात नव्या कपड्यातली माणसं गाड्यांखाली पाय बाहेर काढून पडलेली होती. एका गाडीखालून कुणीतरी "शेठ, जरा हिकडं या की" असं ओरडलं. शेठचा चेहरा पडला. त्यानं स्वतः बॉक्सवरचा झेंडू काढला आणि आपल्या माणसांना तो आमच्या हौद्यात चढवायला सांगितला, दोन्ही शाफ्टांसकट. पूजेतलं उचलायची अडचण तिथंच संपली.

परत येताना वाटेत मी झाकण खोलून आत बघितलं नाही, कारण तेवढ्यासाठीही पाना उचलावा लागला असता. संध्याकाळी पुलापाशी, डेअरीच्या शेडमध्ये गाडी लावली. चढ ओला होता. आम्ही चालत वर गेलो. जेवताना पुंडलिक माझ्याकडं बघत होता आणि विचारत नव्हता. शेठला त्याची पूजा मोडायला लावून आलेला मी, माझ्या पान्याची पूजा मात्र मोडायला तयार नव्हतो. उद्या संध्याकाळी, सोनं वाटलं की लगेच, असं मनाशी घोकत होतो. तोवर मशीनची पाळी टळून गेलेली असणार, हेही मला कळत होतं.

सकाळी मी ओसरीवर चहा घेत होतो. आतून भिंतीला धरत आक्का आली. पदरात पुंडलिकचे पाने होते, हळदकुंकवासकट, एकाला फूलही चिकटलेलं. तिनं ते माझ्यासमोर जमिनीवर ठेवले. वाकताना तिला दम लागला.

"आक्का, पूजेतलं हाय ते," मी म्हणालो. "लोखंडाला इसावा..."

"लोखंड दमत न्हाय मिस्त्री," ती म्हणाली. "मानूस दमतंय."

मी चहा तसाच ठेवला आणि पाने उचलले.

शेडमध्ये गावातले बरेच जण आले होते. बॉक्स उतरवणं म्हणजे गाडी ठोकळ्यांवर घ्यायची, शाफ्ट सोडायचे, बॉक्सखाली जॅक लावायचा, इंजिनाकडचे बोल्ट काढायचे आणि तो ओझ्यासकट मागं सरकवत खाली घ्यायचा. शेठचा बॉक्स खाली आला. मग मी आमच्या बॉक्सचं झाकण उघडलं, आत बघितलं, दुसरा गिअर हातानं फिरवला. काम उत्तम होतं. माझ्याहून चांगलं होतं म्हणा. याचाच मला जास्त संताप आला. एवढा हात असलेला माणूस स्प्रिंगा कशाला बसवतो?

बॉक्स चढवताना खरी परीक्षा शेवटच्या दोन बोटांच्या अंतराची. बॉक्सच्या पुढचा दातेरी दांडा इंजिनाकडच्या क्लचप्लेटच्या मधोमध अचूक शिरावा लागतो. तो शिरेना. पुंडलिकला घाई झालेली. तो बोल्ट घालून आवळायला लागला, म्हणजे बॉक्स आपोआप ओढला जाईल. मी खालून ओरडलो, "बोल्टानं वढू नकोस! कान मोडंल त्याचा. बसत न्हाय म्हंजे कायतरी वाकडं हाय. जबरदस्ती केलीस तर मोडंलच." त्यानं हात मागं घेतला. मी बॉक्स गिअरमध्ये टाकला, मागचं टोक हातानं थोडं थोडं फिरवलं, जॅक केसभर खाली घेतला. आणि तो आपणहून आत सरकला. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच त्याचं सुख माहीत. बघितलं तर ग्रीसमध्ये कुंकू मिसळून माझे हात लाल झाले होते.

पुढचा शाफ्ट जोडला, दांडा जोडला. शोभेचा आता माझ्या गॅरेजाच्या भिंतीवर आहे; हा बॉक्सबरोबर आलेला, खरा दांडा. पुंडलिकनं तो ओढला, हाताला ओझं लागलं, आणि गाडी त्या चढाला लागली. मी मागून चालत होतो. पुढची चाकं माती धरून, खाऊन, पुढं चालली होती. अर्ध्या चढावर, जिथं तिला घोंगड्यात घातलं होतं, तिथं गाडी जरा डुलली आणि निघाली. वरून पोरांनी ओरडा केला.

आक्का पिशवी घेऊन तयार होती. पण बसेना. "आधी खाली वाकून बघ," तिनं पुंडलिकला सांगितलं.

दसऱ्याचा नवा शर्ट घातलेला पुंडलिक अंगणातल्या तांबड्या चिखलात आडवा झाला. "हाय आक्का," तो खालून म्हणाला. "शाफ्ट हाय." मग ती बसली.

त्यानंतरचे पावसाळे ती त्याच गाडीनं गेली आणि आली. दर वेळी बसायच्या आधी पुंडलिकला खाली वाकायला लावायची, सगळं गाव हसायचं आणि तो वाकायचा. शेवटी तिनं डोळे मिटले ते बेळगावलाच. पावसाचे दिवस होते. तिला गाडीनंच वर आणलं. खांद्यावर घेतलं ते घरातून निघताना, मेल्यावर, तिनं सांगितलं होतं तसं.

दिवसकार्याला एक पुढारी आले. गाडी पुलापाशी लावून चिखल तुडवत वर आले, चपला हातात. हा चढ डांबरी व्हायचा म्हणून पुलापाशी एक पाटी कधीची लागलेली आहे. ती कुठल्या भाषेत असावी यावरून दोन वेळा भांडण झालं, दोन वेळा ती रंगवली गेली. पाटी आहे, चढ तसाच आहे. पुढाऱ्यांनी पुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नका, रस्ता मंजूर झालाय."

लोकांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. मला तो आवाज ऐकू आला होता. खट्ट.

मी म्हटलं, "साहेब, उतरताना जरा खाली वाकून बघा."

त्यांना काही कळलं नाही. पुंडलिकला कळलं. एवढे दिवस कोरड्या डोळ्यांनी बसलेला तो, तेव्हा पहिल्यांदा रडला.